पावसाच्या नोंदी, पाच माणसं आणि एक नोटबुक: एकत्र विश्लेषण करायला तुम्ही काय वापरता?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पावसाच्या जुन्या-नव्या नोंदी आम्ही काही जण मिळून एका ठिकाणी आणतोय. त्या कामासाठी सॉफ्टवेअरचे अनुभव हवे आहेत. आधी काम सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल.

आमच्या तालुक्यात पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, आमगाव हा घाटमाथा. मलप्रभेचा उगम कणकुंबीचाच. तिकडे धो धो कोसळत असताना पूर्वेला इटगी, पारिश्वाडकडे कडक ऊन असू शकतं. तालुक्याची सरासरी म्हणून जो एक आकडा छापून येतो, तो यांतल्या कुठल्याच गावाचा नसतो. आम्हाला गाववार बघायचंय. धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या जमिनीत केलेली भाताची पेरणी) झाल्यावर उगवणीपुरता पाऊस किती दिवसांत येतो, मध्ये उघडीप किती दिवसांची पडते, रोप लावणीला शिवारात पाणी कधी उभं राहतं. जुनी माणसं हे नक्षत्रांवरून सांगतात आणि त्यांच्या सांगण्यात पुष्कळ तथ्य असतं. ते नोंदींवर ताडून बघावं, एवढाच हेतू आहे.

नोंदी दोन प्रकारच्या आहेत. काही शाळांनी आणि शेतकऱ्यांनी ठेवलेल्या वह्या, आणि कर्नाटक राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राच्या स्वयंचलित पर्जन्यमापकांचे आकडे. काम करणारे पाच जण. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. माझे दोन जुने विद्यार्थी, एक पुण्यात, एक बंगळूरला. बिडी भागातल्या कानडी शाळेतले एक सर. आणि एक निवृत्त तलाठी काका. काकांना कॉम्प्युटर येत नाही, पण कुठल्या वहीतला आकडा खरा आणि कुठला नंतर बसून भरलेला, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.

सध्या पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची नोटबुक फाइल, म्हणजे कोड, मजकूर आणि आलेख एकाच पानावर असलेली फाइल, आम्ही ईमेलनं एकमेकांना पाठवतो. कुणाकडे कुठली आवृत्ती आहे याचा मेळ राहत नाही. एकाच नोटबुकात सगळ्यांना लिहिता येईल, शेरा देता येईल, आणि काकांना फोनवर वाचता येईल, असं काय आहे? नेट इथं बेभरवशाचं आहे. पैसे फार नाहीत.

---

निपाणी_ते_पुणे

ताई, काम आवडलं. मी पुण्यात डेटा इंजिनिअर आहे, घर निपाणीला. रोज हेच वापरतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'एकत्र काम' म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकच धरतात. पहिली, मजकूर आणि कोड सगळ्यांना एकच दिसणं. दुसरी, तो कोड ज्या मशीनवर चालतो ते मशीन एकच असणं. सेवा निवडताना आधी विचारायचं की यातलं तुम्हाला काय मिळणार.

उदाहरणार्थ गूगल कोलॅब, ही ब्राउझरमध्ये नोटबुक चालवायची सेवा. नोटबुक ड्राइव्हवर राहतं, लिंक दिली की समोरच्याला कोड, मजकूर, आलेख सगळं दिसतं, शेरेही टाकता येतात. पण मशीन प्रत्येकाचं स्वतंत्र. तुम्ही वाचून घेतलेली फाइल, बसवलेली लायब्ररी (तयार कोडचा संच), मेमरीतली गणितं, यातलं काहीही समोरच्याकडे जात नाही. तो पहिल्यापासून चालवतो. शिवाय मोफत योजनेत काही काळ काही केलं नाही की मशीन सुटतं, आणि चालू ठेवलं तरी जास्तीत जास्त १२ तासांच्या आसपास. मशीनवर तात्पुरती ठेवलेली फाइल त्याबरोबर जाते. हे सगळं गूगलनं स्वतःच लिहून ठेवलंय, लपवलेलं काही नाही, पण नवा माणूस ते वाचत नाही.

डीपनोट या दुसऱ्या नोटबुक सेवेची रचना वेगळी. तिथं प्रोजेक्टचं मशीन सामायिक असतं. दोघांचे कर्सर एकाच पानावर दिसतात, तुम्ही चालवलेल्या सेलचं (कोडच्या एका चौकटीचं) उत्तर मलाही दिसतं. शिकवायला हे फार छान. हेक्स साधारण त्याच वाटेनं जातं, पण त्याचा रोख कंपन्यांकडे आहे: एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), पायथन आणि शेवटी साहेबांना दाखवायला तयार झालेलं अ‍ॅप. तुमच्या कामाला हेक्स मोठं पडेल. सगळ्यांच्या मोफत योजनांच्या अटी बदलत असतात, तेव्हा किती माणसं जोडता येतात ते सुरू करतानाच बघून घ्या.

माझं मत विचाराल तर पाच जणांपैकी एका वेळी दोघंच कोड लिहिणार असतील तर कोलॅब पुरेसं आहे. मात्र एकाच वेळी दोघांनी एकाच नोटबुकात टाइप करू नका. ते त्यासाठी बनलेलं नाही. एकाचं जतन दुसऱ्याच्या जतनाशी भिडतं आणि कुणाचं ठेवायचं ते विचारत बसावं लागतं.

---

कडोलीचा

मी सरळ विचारतो, राग मानू नका. गूगल शीट हाय की. आमच्या दूध संस्थेचा सगळा हिशेब त्यातच करालोय. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), सकाळ-संध्याकाळचं लिटर, दर, सगळं. सेक्रेटरी फोनवर भरतोय, चेअरमन घरात बसून बघतोय. दहा दिवसाचं बिल आपोआप निघतंय. आता त्याला नोटबुक कशाला पाहिजे? तुमचा पाऊस तर दिवसाला एक आकडा.

---

निपाणी_ते_पुणे

@कडोलीचा, प्रश्न एकदम रास्त आहे. बिलाला शीटच योग्य. एका शीटमध्ये १ कोटी खाने मावतात, दूध संस्थेला आयुष्यभर पुरतील.

फरक कुठं पडतो सांगतो. शीटमध्ये आकडा दिसतो, पण तो कसा आला ते सूत्रात दडलेलं असतं, आणि सूत्र प्रत्येक खान्यात वेगळं असू शकतं. मध्येच कुणी एका खान्यात हातानं आकडा लिहिला तर बाहेरून कळत नाही. नोटबुकात वरून खाली वाचत गेलं की कळतं: इथं फाइल घेतली, इथं चुकीच्या तारखा काढल्या, का काढल्या ते इथं मराठीत लिहिलंय, इथं आलेख. मूळ नोंदीला हात न लावता सगळं घडतं. उद्या कुणी विचारलं की हा दिवस का वगळला, तर उत्तर त्याच पानावर असतं.

---

कडोलीचा

हां, हे पटलं. खरं नोंदी भरायला तरी शीटच ठेवा. म्हातारी माणसं दुसरं काय वापरणार न्हाईत.

---

मलप्रभाकाठ

कडोलीकर, हे महत्त्वाचं बोललात. भरायला शीट आणि विश्लेषणाला नोटबुक, असं वेगळं करायचा विचार मी केला नव्हता. वह्यांचे फोटो बघून आकडे भरायचं काम शाळेतले सर आणि काका शीटमध्येच करू शकतील.

---

उद्यमबाग

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत क्वालिटी बघतो. आमचा अनुभव वेगळ्या बाजूचा, म्हणून लिहितो.

आमच्याकडे कास्टिंगचं (ओतीव नगांचं) रिजेक्शन हा रोजचा विषय. ब्लो होल किती, सँड इन्क्लुजन किती, कोअर सरकल्यामुळे किती, कुठल्या हीट नंबरचे (भट्टीतल्या कुठल्या ओतीचे) किती. पूर्वी हे रजिस्टरात लिहून महिन्याच्या शेवटी मीटिंगला बेरीज व्हायची. तोवर वाळू बदललेली, माणसं बदललेली, कारण शोधायला काहीच हातात नाही. आता प्रत्येक पाळीला वाळूचा ओलावा, ओतताना धातूचं तापमान आणि त्या हीटमधले टाकाऊ नग एकत्र नोंदतो आणि नोटबुकात एकावर एक मांडतो.

ग्राहकाचं ड्रॉइंग आणि नगाचा नंबर बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायला करारात मनाई आहे, म्हणून ढगातली कुठलीच सेवा चालत नाही. आम्ही ऑफिसातल्याच एका जुन्या पण दणकट कॉम्प्युटरवर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून 'द लिटलेस्ट ज्युपिटरहब' बसवलं. ज्युपिटर हे नोटबुकं चालवायचं सॉफ्टवेअर, आणि हे त्याचं अनेकांनी मिळून वापरायचं रूप. एकाच सर्व्हरवर शंभरेक माणसांपर्यंत चालावं अशाच बेतानं ते बनवलेलं आहे. आम्ही तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रत्येकाला लॉगिन, प्रत्येकाची वेगळी जागा, ब्राउझरमधून काम. सॉफ्टवेअर फुकट आहे. खर्च काय तो कॉम्प्युटरचा आणि यूपीएसचा. यूपीएसमध्ये काटकसर करू नका. वीज गेली की मेमरीतलं सगळं जातं, जतन केलेलं नोटबुक तेवढं राहतं.

एकाच नोटबुकात दोघांनी एकदम लिहायचं असेल तर ज्युपिटरलॅबला (ज्युपिटरच्या लिहायच्या पानाला) सहकार्याचं एक्स्टेन्शन वेगळं बसवावं लागतं. ते बसवल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवा. दोघांचा कर्नलही (मागे कोड चालवणारा आणि मेमरी सांभाळणारा भाग) एकच होतो. म्हणजे पहिल्या पाळीच्या माणसानं 'डेटा' नावाच्या टेबलात फक्त सोमवार ठेवला, तर त्याच क्षणी दुसऱ्याच्या 'डेटा'तही सोमवारच उरतो. दुसरा आपला आलेख बघून गोंधळतो. आम्ही नियम केलाय: मूळ टेबलाचं नाव कुणी पुन्हा वापरायचं नाही, गाळलेल्या टेबलाला स्वतःचं नवं नाव द्यायचं. नियम साधा आहे, पण त्यानंच आमचं काम सुरळीत चाललंय.

सगळ्यात जास्त फायदा कशाचा झाला ते सांगतो. कोडच्या वर आम्ही मराठीत दोन ओळी लिहितो. 'आज नवीन बेंटोनाइट सुरू केलं', 'तिसऱ्या भट्टीचा थर्मोकपल बदलला'. पुढच्या महिन्यात आलेखात उडी दिसली की कारण तिथंच वाचायला मिळतं. मोल्डर मंडळी इंग्रजी रिपोर्ट वाचत नसत. आता तेच येऊन सांगतात की साहेब, त्या दिवसाची ओळ लिहायची राहिलीय.

---

भीमगड

वाचतोय, वाचनखूण साठवली. मी संशोधक विद्यार्थी, काम जंगलातल्या प्राण्यांच्या खुणांवर. थोडी वेगळी भर घालतो.

नोटबुकचा मोठा धोका आहे सेल वाटेल त्या क्रमानं चालवण्याचा. वरचा सेल पुसला तरी त्यानं केलेलं गणित मेमरीत राहतं, आणि तुमच्याकडे सगळं बरोबर चालतं. दुसऱ्यानं उघडलं की पहिल्याच पानावर अडतं. ब्राझील आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१९ साली गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरची सुमारे १४ लाख नोटबुकं गोळा करून अभ्यास केला होता. त्यातली जी चालवून बघितली, त्यांपैकी जेमतेम २४ टक्के चूक न येता शेवटपर्यंत गेली. पूर्वीचंच उत्तर पुन्हा आलं ते अवघ्या ४ टक्क्यांत.

म्हणून सेवा कुठलीही घ्या, पण कर्नल नव्यानं सुरू करून वरपासून खालपर्यंत सगळं चालवल्याशिवाय नोटबुक दुसऱ्याला द्यायचं नाही, हे ठरवून घ्या. आणि ते चालवणारा लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा असेल तर उत्तम.

दुसरं, गिट, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल नोंदून ठेवणारं सॉफ्टवेअर. ज्युपिटरची फाइल आतून जेसन (माहिती मजकुरात साठवायचा एक साचा) असते आणि आलेखसुद्धा तिच्यातच ठासून भरलेले असतात. एका अक्षराचा बदल केला तरी गिटला शेकडो ओळी बदललेल्या दिसतात. त्यावर उपाय आहेत. ज्युपिटेक्स्ट नोटबुकाची साधी मजकुराची जोडफाइल ठेवतं, एनबीडाइम दोन नोटबुकांतला फरक नीट दाखवतं, एनबीस्ट्रिपआउट साठवण्याआधी उत्तरं काढून टाकतं. पण खरं सांगू का, तुमच्या सरांना आणि काकांना गिट शिकवायला जाऊ नका. ते दोघा विद्यार्थ्यांनी मागे सांभाळावं.

---

मच्छेकर

मी इंजिनिअरिंगला आहे. भीमगड दादांनी सांगितलेल्या क्रमाच्या भानगडीवर 'मारिमो' हे दुसरं नोटबुक सॉफ्टवेअर बघा. त्यात एक सेल बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे सेल आपोआप पुन्हा चालतात, सेल पुसला की त्याची नावंही मेमरीतून जातात. एक नाव एकाच सेलमध्ये तयार करता येतं, दोनदा केलं तर ते अडवतं. सुरुवातीला वैताग येतो, पण उद्यमबाग काकांनी जो नियम तोंडी केलाय तो इथं सॉफ्टवेअरच पाळून घेतं. शिवाय फाइल साधी पायथनची, त्यामुळे गिटला काही त्रास नाही.

आणि एक मराठी अडचण, जी इंग्रजी व्हिडिओंत कुणीच सांगत नाही. कोलॅबमध्ये मॅटप्लॉटलिब या आलेखाच्या लायब्ररीनं आलेख काढून खाली मराठीत महिने लिहिले तर आधी नुसते चौकोन येतात, कारण मशीनवर देवनागरी फॉन्ट नसतो. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी बसवला की अक्षरं येतात, पण जोडाक्षरं फुटतात. 'ऑगस्ट'मधला स आणि ट सुटे होतात, 'डिसेंबर'ची वेलांटी ड च्या पुढे जाऊन बसते. फॉन्ट बदलत बसून ते सुटत नाही. आम्ही वापरलेली मॅटप्लॉटलिबची आवृत्ती अक्षरं एकामागे एक ठेवत जाते, त्यांची जुळणी करत नाही.

सोपा मार्ग म्हणजे प्लॉटली किंवा अल्टेअर या दुसऱ्या आलेखाच्या लायब्ररी वापरा. त्यांचा आलेख ब्राउझर काढतो, आणि ब्राउझरला देवनागरी व्यवस्थित येतं. कानडीही. आमच्या प्रोजेक्टमध्ये एकाच आलेखावर वर कानडी आणि खाली मराठी शीर्षक दिलं होतं, दोन्ही स्वच्छ आलं.

---

भीमगड

+१. आर ही दुसरी भाषा वापरणाऱ्यांसाठी: तिच्यातल्या जीजीप्लॉटचं चित्र 'रॅग' पॅकेजमधून काढलं तर जोडाक्षरं नीट येतात. आणि शेवटी छापील अहवाल करायचा असेल तर क्वार्टो बघा, त्याच नोटबुकातून वेबपान आणि पीडीएफ दोन्ही निघतं. पीडीएफसाठी मात्र देवनागरी फॉन्टचं नाव स्पष्ट द्यावं लागतं.

---

मलप्रभाकाठ

मच्छेकर, तुझे किती आभार मानू. काकांसाठी मराठी आणि सरांसाठी कानडी शीर्षक, हीच आमची गरज होती.

आता पुढचा प्रश्न. गावांची नावं जुळत नाहीत. सरकारी फाइलमध्ये नाव कानडी वळणाचं, शाळेच्या वहीत मराठी वळणाचं, विद्यार्थ्यानं भरलं तर इंग्रजी स्पेलिंगवरून. दोन टेबलं जोडली की निम्मी गावं गळतात. आणि कानडी आकडे असलेले रकाने कॉम्प्युटर संख्या म्हणून घेतच नाही.

---

हिडकल

मी हुक्केरी तालुक्यातली. घरी कानडी, शिक्षण मराठी, नोकरीत दोन्ही. हे माझं रोजचं दुखणं आहे, त्यामुळे जरा लांब लिहीन.

नावावर टेबल जोडायचंच नाही. निपाणी-निप्पाणी, चिकोडी-चिक्कोडी, येळ्ळूर-यळ्ळूर, दोन्ही रूपं बरोबर असतात. अमुकच खरं म्हणून पाचही जणांवर लादायला गेलात तर काम बाजूला राहील आणि वाद सुरू होईल. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी' आहे, तिच्यात प्रत्येक गावाला एक कोड दिलेला आहे. तो कोड शीटच्या पहिल्या रकान्यात घ्या. पुढे गावाची मराठी, कानडी, इंग्रजी अशी सगळी रूपं एका वेगळ्या यादीत ठेवा, प्रत्येक रूपासमोर तोच कोड. ही यादी करायला तुमचे तलाठी काका सोन्यासारखे आहेत. त्यांना वाड्यासुद्धा माहीत असतील, आणि कुठली वाडी कुठल्या महसुली गावात मोडते ते आपल्याला कागद बघून कळत नाही.

कानडी आकड्यांचं असं आहे. पायथनला कानडी आणि देवनागरी दोन्ही अंक समजतात. एकेक मजकूर घेऊन पूर्णांकात बदला म्हटलं तर तो बदलतो. पण पांडाज (पायथनची टेबलांची लायब्ररी) सीएसव्ही (साध्या मजकुरातलं टेबल) वाचताना ते आपणहून करत नाही, रकाना मजकूर म्हणूनच ठेवतो. तेव्हा वाचून झाल्यावर तो रकाना मुद्दाम बदलून घ्यावा लागतो. दशांश चिन्हाच्या जागी कुणी स्वल्पविराम दिलाय का तेही बघा.

यापेक्षा मोठं संकट जुन्या फाइलींचं. कार्यालयातल्या जुन्या फाइली बऱ्याचदा नुडी या कानडी टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या पद्धतीत टाइप केलेल्या असतात. त्या युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर तेच अक्षर दाखवणारी पद्धत) नसतात. फॉन्ट लावला की कानडी दिसतं, फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरांचा कचरा. आपल्याकडच्या जुन्या मराठी फाइलींचंही तेच, श्रीलिपी आणि शिवाजी फॉन्टच्या. नोटबुकात त्या तशाच घेऊ नका. आधी परिवर्तकातून युनिकोड करा, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, मगच टेबलात आणा. आणि मूळ फाइल फेकू नका.

नोटबुकातून सीएसव्ही काढून ती एक्सेलमध्ये उघडली आणि मराठीचा कचरा दिसला तर घाबरू नका. साठवताना यूटीएफ-८ चा बीओएम (फाइलीच्या सुरुवातीची पद्धत सांगणारी खूण) असलेला प्रकार निवडा, एक्सेल मुकाट्यानं मराठी दाखवतं. आमच्या ऑफिसात हे सांगितल्यावर लोकांनी मला चहा पाजला.

---

कडोलीचा

ताई, मलाही एक. आमच्या दूध संस्थेचं असं नोटबुक करून जनावरांच्या दुधाच्या फॅटवर पावसाळ्याचा परिणाम बघावा म्हणतोय. सभासदांची नावं, खाते नंबर सगळं त्याच शीटमध्ये हाय. चालतंय काय तसं शेअर केलं तर?

---

हिडकल

नाही, अण्णा. अजिबात नाही. नाव, फोन, बँक खातं, आधार हे विश्लेषणाच्या फाइलीत यायलाच नको. प्रत्येक सभासदाला एक क्रमांक द्या, आणि क्रमांक-नावाची यादी फक्त सेक्रेटरीच्या कॉम्प्युटरवर ठेवा. फॅट बघायला नाव लागतच नाही. २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, पण कायदा नसता तरी सभासदाच्या घरी किती दूध निघतं हे गावभर व्हायला नको.

आणि नोटबुकात एक जास्तीची काळजी. कोड पुसला तरी खाली छापलेलं टेबल फाइलीत शिल्लक राहतं. शेअर करण्याआधी सगळी उत्तरं साफ करून टाका. एवढ्यानंही भागत नाही, जुन्या आवृत्त्यांच्या इतिहासात ती राहू शकतात. म्हणून खाजगी रकाने सुरुवातीलाच बाहेर ठेवायचे.

---

उद्यमबाग

हिडकल ताईंचं अगदी बरोबर. आमच्याकडे याच कारणासाठी पाहुण्यांना दाखवायची प्रत वेगळी काढतात.

---

निपाणी_ते_पुणे

एक मुद्दा राहिला होता: सेवा बंद पडण्याचा. मायक्रोसॉफ्टची 'अझुर नोटबुक्स' ही मोफत सेवा २०२१ च्या जानेवारीत बंद झाली. 'नोटेबल' नावाची सेवा चांगली होती, २०२३ च्या अखेरीस तिचाही कारभार गुंडाळला गेला. त्यामुळे काम कुठंही करा, महिन्यातून एकदा सगळी नोटबुकं आणि मूळ सीएसव्ही उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. ज्या सेवेतून साधं ज्युपिटरचं नोटबुक बाहेर काढता येत नाही, तिच्यात मी स्वतः काही ठेवत नाही. सेवा कितीही देखणी असो.

कोकॅल्क या नोटबुक सेवेचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून सांगतो. गणितवाल्यांनी बनवलेलं आहे. एकदम अनेकांनी लिहिता येतं आणि प्रत्येक बदलाचा इतिहास मागेपुढे सरकवून बघता येतो. शिकवणाऱ्यांना उपयोगी पडतं.

---

भीमगड

नेटबद्दल कुणी लिहिलं नाही. भीमगड अभयारण्यातल्या गावांत रेंज मिळेल या भरवशावर राहूच नका. मी लॅपटॉपवर ज्युपिटर बसवूनच नेतो आणि खानापुरात परत आल्यावर जुळवून घेतो. ज्युपिटरलाइट नावाचं एक रूप आहे, ते सर्व्हरशिवाय ब्राउझरातच पायथन चालवतं. पहिल्यांदा उतरवायला बरंच नेट खातं, पण विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर काहीही न बसवता दाखवायचं असेल तर चांगलं. मोठ्या कामाला ते मंद पडतं.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरवलं ते लिहिते.

आकडे भरणं गूगल शीटमध्येच. गावाचा कोड पहिल्या रकान्यात, नावांची यादी काका करतायत. त्यांनी सुरुवातसुद्धा केली. विश्लेषण कोलॅबमध्ये, कारण विद्यार्थ्यांना ते येतं आणि काकांना फोनवर लिंक उघडते. एका वेळी एकानंच लिहायचं. आलेख प्लॉटलीत. नोटबुक पूर्ण झालं की लिहिणाऱ्यानं नाही तर दुसऱ्यानं वरपासून चालवायचं, आणि प्रत महिन्याला उतरवून ठेवायची. मारिमो पुढच्या उन्हाळ्यात मुलांबरोबर करून बघणार.

नोटबुकाच्या पहिल्याच सेलमध्ये तारखेचा नियम मराठीत आणि कानडीत लिहून ठेवलाय. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, तो मागच्या २४ तासांचा असतो. काही वह्यांत तो मोजल्याच्या तारखेवर लिहिलाय, काहींत आदल्या दिवसावर. आम्ही सगळ्यांचा मोजल्याच्या तारखेवर आणतोय. शेजारच्या दोन गावांची तुलना करताना एका दिवसाची सरकसुद्धा सगळं बिघडवते. आणि हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस, तेही तिथंच लिहिलंय. काकांनी ते वाचून फोन केला आणि विचारलं, भुरभुर पडून गेली ती यात धरलीय का? चांगला प्रश्न आहे. धूळवाफेच्या भाताला भुरभुरीचा उपयोग होतो की नाही, हे वेगळं बघावं लागेल.

एक अडलंय. एका गावाची जुलैची बेरीज शून्य दाखवतेय. जुलैत शून्य पाऊस, तेही घाटाजवळ! वही बघितली तर त्या महिन्याची पानंच नाहीत.

---

मच्छेकर

ताई, पांडाज रिकाम्या जागा सोडून बेरीज करतं, आणि सगळ्याच रिकाम्या असतील तर उत्तर शून्य देतं. बेरजेला 'मिन काउंट' नावाचा पर्याय आहे. किमान किती दिवसांची नोंद असेल तरच बेरीज दे, हे त्यात सांगता येतं. जुलैला ३१ सांगितलं तर एक दिवस जरी कमी असला तरी महिना रिकामा राहील. तुम्हाला किती दिवस चालतील ते ठरवा.

---

हिडकल

आणि शीटमध्येही ठरवून घ्या. पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचं, मोजला नाही तर खाना रिकामा सोडायचा. आडवी रेघ, 'नाही', 'सुट्टी' असलं काही नको. रविवारी शाळा बंद असते, त्या दिवशीचा पाऊस सोमवारच्या आकड्यात मिसळलेला असतो. शाळेच्या वह्यांसाठी 'दोन दिवसांचा एकत्र' असा एक रकाना वेगळा ठेवा.

---

मलप्रभाकाठ

रविवारचं काकांनीही सांगितलं होतं, रकाना आजच वाढवला. मिन काउंट लावल्यावर जुलै रिकामा दिसतोय, आणि त्याच गावाचे आणखी दोन महिनेही रिकामे झाले, जे आधी कमी पावसाचे वाटत होते. त्या महिन्यांची पानं दुसऱ्या वहीत आहेत का, ते बिडीचे सर शाळेत जाऊन बघणार आहेत. मिळाली तर आकडे इथं टाकते.